लढाईच्या मधोमध उभे राहताना: सात विणलेले पट आणि आजची ‘इमर्सिव्ह’ प्रदर्शने

उत्तर इटलीतील पाविया या शहराबाहेर 24 फेब्रुवारी 1525 रोजी झालेल्या लढाईला 2025 मध्ये 500 वर्षे पूर्ण झाली. त्याच सुमारास, म्हणजे 2024-25 मध्ये, या लढाईचे चित्रण करणारे सात प्रचंड विणलेले पट नेपल्सच्या कापोदिमोन्ते संग्रहालयातून प्रथमच एकत्र अमेरिकेत नेण्यात आले आणि फोर्ट वर्थ, सॅन फ्रान्सिस्को व ह्यूस्टन येथील संग्रहालयांत लाखमोलाच्या पाहुण्यांसारखे मांडले गेले. दुसरीकडे स्वित्झर्लंडमध्ये 1476 च्या मुर्टेनच्या लढाईचे एक अवाढव्य चित्र संगणकात उतरवून त्याभोवती आवाज आणि हालचाल यांची जोड दिली जात आहे. अशा बातम्यांत ‘इमर्सिव्ह’ हा शब्द हमखास भेटतो. काही वर्षांपूर्वी मुंबईत व्हॅन गॉगच्या चित्रांचे असे प्रदर्शन झाले, तेव्हा भिंतींवर आणि जमिनीवर सरकणारी सूर्यफुले पाहून आलेल्या अनेकांच्या मनात प्रश्न होता की, आपण नेमके काय पाहिले? चित्र, चित्रपट की नुसता प्रकाशाचा खेळ? लढाईच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण तेथे समोर फुले नसतात, मेलेली माणसे असतात.

‘इमर्सिव्ह’ म्हणजे काय

साध्या प्रदर्शनात वस्तू काचेच्या आत असते आणि आपण बाहेर असतो. इमर्सिव्ह प्रदर्शनात ही मांडणी उलटी केलेली असते: आपण आत आणि दृश्य आपल्या चारी बाजूंना. त्याला मराठीत ‘वेढणारे प्रदर्शन’ म्हणता येईल, आणि पुढे मी तोच शब्द वापरणार आहे. गावच्या जत्रेत पालखी रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहणे वेगळे आणि पालखीबरोबर गर्दीत चालणे वेगळे. कडेला उभ्या असलेल्या माणसाला पालखी पूर्ण दिसते. गर्दीतल्या माणसाला ती धड दिसतही नाही, पण ढोलाचा ठोका त्याच्या छातीत वाजतो. वेढणारे प्रदर्शन हा दुसरा अनुभव देऊ पाहते. त्यासाठी आज प्रोजेक्टर, मोठे पडदे, अनेक दिशांनी येणारा आवाज किंवा डोळ्यांवर चढवायचा आभासी वास्तवाचा चष्मा वापरतात. साधने नवी असली, तरी इच्छा जुनी आहे, आणि किती जुनी ते पावियाचे पट दाखवतात.

आधी लढाई समजून घेऊ

सोळाव्या शतकाच्या आरंभी, ज्याला आपण युरोपचा प्रबोधनकाळ म्हणतो त्या काळात, इटली म्हणजे लहान-मोठ्या श्रीमंत राज्यांचा प्रदेश होता आणि तो ताब्यात घेण्यासाठी फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस आणि स्पेन, नेदरलँड्स व जर्मन मुलुखांचा अधिपती असलेला सम्राट पाचवा चार्ल्स यांच्यात चुरस होती. ऑक्टोबर 1524 मध्ये फ्रान्सिसने मिलान घेतले आणि तेथून दक्षिणेला असलेल्या पावियाला वेढा घातला. शहरात आंतोनिओ दे लेवा हा सम्राटाचा सेनानी शिबंदीसह अडकला. वेढा जवळजवळ चार महिने, ऐन हिवाळाभर चालला. सम्राटाची कुमक आली खरी, पण तिच्याकडे सैनिकांचा पगार द्यायला पैसा नव्हता. बिनपगारी फौज फार दिवस एकत्र राहणार नाही हे सेनापतींना दिसत होते, आणि म्हणून लढाई लवकर होणे त्यांना भाग होते.

फ्रेंच छावणीचा मोठा भाग शहराच्या उत्तरेला असलेल्या, भिंतीने बंदिस्त अशा मिराबेल्लोच्या शिकारी बागेत होता. 23 फेब्रुवारीच्या रात्री सम्राटाच्या माणसांनी त्या भिंतीला भगदाड पाडले आणि पहाटेच्या धुक्यात फौज आत शिरली. फ्रान्सिस स्वतः आपल्या चिलखती घोडेस्वारांना घेऊन तिच्यावर तुटून पडला. या धावेत तो आपल्याच तोफांच्या पुढे आला. तोफखान्याला आता गोळे डागायचे तर ते आपल्याच राजाच्या पाठीवर डागावे लागले असते, म्हणून तोफा गप्प झाल्या. झाडीच्या आडोशाने आलेल्या स्पॅनिश बंदूकधाऱ्यांनी त्यानंतर त्या घोडदळाला टिपायला सुरुवात केली. त्यांच्या हातात होती ती तोड्याची बंदूक, म्हणजे जळत्या दोरीच्या टोकाने दारू पेटवून उडवायची. पिढ्यान्‌पिढ्या युद्धकला शिकलेला सरदार, त्याचे शिकवून तयार केलेले जनावर आणि त्याच्या मापाने घडवलेले पोलाद, हे सगळे पगार थकलेल्या एका पायदळी शिपायाच्या गोळीने जमिनीवर येत होते. काही तासांत फ्रेंच सैन्य मोडले, ला त्रेमुई, ला पालिस, बॉनिव्हे यांसारखे नामांकित सरदार पडले, फ्रान्सच्या पगारावर असलेले स्विस भाडोत्री सैनिक पळताना तिचिनो नदीत मोठ्या संख्येने बुडाले आणि फ्रान्सचा राजा जिवंत पकडला गेला. योगायोगाने तो सम्राट चार्ल्सचा पंचविसावा वाढदिवस होता.

राजाला पुढे माद्रिदला नेऊन कैदेत ठेवले गेले. जानेवारी 1526 च्या तहात त्याने मोठे प्रदेश सोडायचे कबूल केले, आपले दोन लहान मुलगे ओलीस दिले, आणि सुटका होताच तह नाकारला. ती सगळी राजकीय कथा येथे बाजूला ठेवतो, कारण आपल्याला पाहायचे आहे ते या सकाळीचे चित्र कसे झाले.

पैठणीच्या मागावरून ब्रुसेल्सच्या मागाकडे

हे सात पट रंगवलेले नाहीत, छापलेले नाहीत आणि भरतकामाचेही नाहीत. त्यांतले चित्र कापडाबरोबरच विणले गेले आहे. अशा पटाला मराठीत चित्रजवनिका असा शब्द आहे. ही गोष्ट मराठी वाचकाला परकी वाटू नये, कारण पैठणीचा पदर याच तत्त्वावर विणला जातो. साध्या कापडात आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जातो. पैठणीच्या पदरावरील मोर विणताना मात्र हिरवा धागा मोराच्या अंगापुरताच जातो आणि तेथून परत फिरतो, शेजारचा रंग तेथून पुढे आपली वाट धरतो. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी, आणि प्रत्येक कांडीची स्वतःची लहानशी हद्द. येवल्याला मागावर बसलेल्या विणकराची बोटे एका ओळीसाठी किती वेळा उचलली जातात हे ज्याने पाहिले असेल, त्याला ब्रुसेल्सच्या कारखान्यातील काम सांगावे लागणार नाही. फरक आकाराचा आहे: येथे पदराच्या जागी सव्वाचार मीटरच्या आसपास उंच आणि आठ-नऊ मीटर रुंद भिंत आहे, आणि मोराच्या जागी घोड्यावरून कोसळणारा सरदार.

आराखडा ब्रुसेल्सचा दरबारी चित्रकार बर्नार्ड व्हॅन ऑर्ले याने केला. त्याने केलेली कच्ची रेखाटने आजही पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहेत. विणकाम 1528 ते 1531 च्या सुमारास, लोकर, रेशीम आणि सोन्याचांदीची जर वापरून, डरमोयेन यांच्या कारखान्यात झाले. ब्रुसेल्सचा माग आडवा असे. पूर्ण मापाचे चित्र ताण्याच्या धाग्यांखाली ठेवलेले असे आणि विणकर पटाच्या मागच्या बाजूने काम करी. त्यामुळे तयार पट आरशातल्यासारखा उलटा उमटत असे. म्हणून मूळ चित्रच उलटे काढावे लागे. तेथे चूक झाली, तर सगळे सैन्य डावखुरे होऊन बसणार! शिवाय विणत असताना पूर्ण झालेला भाग गुंडाळला जाई. म्हणजे ज्या माणसांनी हे दृश्य धाग्याधाग्याने उभे केले, त्यांना ते पुरे होईपर्यंत सबंध दिसतच नव्हते.

आपण एक ढोबळ हिशेब करू. अशा बारीक कामात एका विणकराला एक चौरस मीटर विणायला साधारण एक महिना किंवा त्याहून अधिक काळ लागतो असे धरले, तर सात पटांच्या सुमारे अडीचशे चौरस मीटरला एकट्या माणसाची वीस वर्षे जातील. म्हणूनच एका मागावर अनेक जण शेजारी शेजारी बसत.

ज्याने लढाई पाहिली नाही, त्याच्यासाठी

1531 मध्ये नेदरलँड्सच्या प्रतिनिधी सभेने हे पट सम्राट चार्ल्सला ब्रुसेल्समध्ये भेट दिले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी: लढाई झाली त्या दिवशी चार्ल्स पावियात नव्हता, तो स्पेनमध्ये होता. ज्या विजयाने त्याचे नाव युरोपभर दुमदुमले, तो त्याने डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. सात पट एका दालनाच्या भिंतींवर टांगले, की साठ मीटरच्या आसपास लांबीचे रणांगण त्याच्याभोवती उभे राहात असे. माणसे जवळजवळ खऱ्या उंचीची, पुढची इतकी पुढे की त्यांचे पाय आपल्या पायांजवळ यावेत. मशालींचा आणि मेणबत्त्यांचा हलता उजेड जरीवर पडला, की चिलखते चमकत आणि विझत असणार. वेढणारे प्रदर्शन म्हणजे हेच. फक्त त्याला वीज लागत नव्हती.

आणि हे दालन प्रेक्षकाला कोठे उभे करते? सम्राटाच्या जागी. एका पटात फ्रान्सिसचा घोडा कोसळला आहे आणि त्याला धरून उतरवून घेणाऱ्यांची दाटी झाली आहे. दुसऱ्यात स्विस सैनिक नेत्यांनी सांगूनही पुढे जायला नकार देत आहेत. आणखी एकात आलांसाँचा ड्यूक हा फ्रेंच सरदार नदीपलीकडे माघार घेतो आहे. शेवटी शहरातील शिबंदी बाहेर पडते आणि माणसे तिचिनोत बुडतात. लढाईच्या या हकीकतीत सम्राटाच्या फौजेची भूक आणि थकलेला पगार कोठेही नाही. फेब्रुवारीतील धूसर पहाट नाही. झाडे पानांनी भरलेली आहेत. पट खोटे बोलतात असे मी म्हणणार नाही, कारण पोशाख, शस्त्रे, शहराचे बुरूज यांचा तपशील त्यांत मोलाचा आहे. परंतु ते जिंकलेल्या बाजूने, जिंकलेल्या माणसाला देण्यासाठी घडवलेले आहेत, आणि आपण दालनाच्या मध्यभागी उभे राहतो तेव्हा नकळत त्या माणसाच्या पावलांवर पाऊल ठेवतो.

कडा लपवण्याची युक्ती

पटाला काठ असतो. विणलेली किनार ओलांडली की भिंत दिसते आणि भ्रम संपतो. 1787 मध्ये रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने एडिंबरोत ज्या कल्पनेचे स्वामित्वहक्क घेतले, ती नेमकी हीच अडचण दूर करणारी होती. चित्र गोल इमारतीच्या आतल्या भिंतीवर पूर्ण वर्तुळात लावायचे. प्रेक्षकाला अंधाऱ्या बोळातून नेऊन मध्यभागी चौथऱ्यावर उभे करायचे. चित्राची वरची कड छताने आणि खालची कड चौथऱ्याने झाकायची. कड दिसली नाही, की मन चित्राला जग मानू लागते. याला पॅनोरमा म्हणतात. आजच्या वेढणाऱ्या प्रदर्शनात प्रोजेक्टरच्या दोन दृश्यांमधला सांधा पुसून टाकण्यासाठी जी खटपट चालते, ती याच युक्तीची पुढची पायरी आहे.

मुर्टेनचा पॅनोरमा 1893 मध्ये लुई ब्राउन या जर्मन चित्रकाराने केला. तो 10 मीटर उंच आणि सुमारे 100 मीटर लांब आहे. 22 जून 1476 रोजी स्विस संघाच्या फौजेने बर्गंडीचा ड्यूक ‘धाडसी’ चार्ल्स (सम्राट चार्ल्स नव्हे) याचा मुर्टेन सरोवराकाठी कसा धुव्वा उडवला, ते त्यात दाखवले आहे. येथेही हरलेले सैनिक पाण्यात बुडत आहेत. हे चित्र झ्युरिकला दाखवले गेले, मग दीर्घकाळ गुंडाळून पडून राहिले, आणि 2002 च्या स्विस राष्ट्रीय प्रदर्शनासाठी मुर्टेनच्या सरोवरात ज्याँ नुव्हेल या वास्तुरचनाकाराने उभारलेल्या गंजक्या लोखंडी घनाकृतीत पुन्हा उलगडले. त्यानंतर ते पुन्हा गुंडाळले गेले. शंभर मीटरचे चित्र कायम टांगून ठेवायला जागा कोठून आणायची?

लाख कोटी ठिपके

लोझानच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी म्हणून त्याचे संगणकीय रूप तयार केले. संगणकावरील चित्र ठिपक्यांचे बनते आणि त्या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. या चित्राचे पिक्सेल सुमारे 1.6 लाख कोटी आहेत. आकडा डोक्यात बसत नाही, तेव्हा असे पाहू: आपल्या मोबाइलचा कॅमेरा 5 कोटी पिक्सेलचा असेल, तर तसे 32,000 फोटो शेजारी शेजारी लावावे लागतील. कापडावरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरला 1,600 ठिपके आले. ज्वारीच्या दाण्याएवढ्या जागेत दहा हजारांच्या वर.

एवढे चित्र एका झटक्यात टिपता येत नाही. कॅमेरा थोडा थोडा सरकवत असंख्य फोटो काढतात, प्रत्येक फोटोची कड शेजारच्या फोटोवर थोडी चढलेली ठेवतात, आणि संगणक त्या चढलेल्या भागातील सारख्या खुणा ओळखून सगळे तुकडे जोडतो. गोधडी शिवताना एक तुकडा दुसऱ्यावर बोटभर चढवूनच टाका घालतात, तसे. या जोडलेल्या चित्रावर मग आवाज, हालचाल, प्रकाश चढवता येतात आणि प्रेक्षकाला हव्या त्या कोपऱ्यात शिरता येते.

यात एक मोठा लाभ आहे, आणि तो चमकदमकीत हरवू नये. मूळ पट किंवा पॅनोरमा पाहताना आपण उंचीवर असलेल्या भागापर्यंत पोहोचत नाही, आणि पहारेकरी आपल्याला जवळही जाऊ देत नाही, जे योग्यच आहे. पावियाच्या पटांपैकी एकात फ्रेंच छावणी मोडते आहे आणि तेथील बायका व इतर बिनलढाऊ माणसे पळत सुटली आहेत. सैन्याबरोबर राहणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या, धुणी धुणाऱ्या, जखमींना पाहणाऱ्या या बायका लढाईच्या वर्णनांत एखाद्या ओळीपुरत्या येतात. पटात त्यांना जागा मिळाली आहे, आणि अतिसूक्ष्म छायाचित्रात त्यांच्यापाशी थांबता येते. राजाच्या पकडीपाशी सगळेच थांबतात.

मग मूळ वस्तूची गरज काय?

लोक विचारतात की, घरबसल्या प्रत्येक धागा दिसत असेल तर नेपल्सला कशाला जायचे. उत्तर प्रकाशापासून सुरू होते. जुने रेशीम आणि जुने रंग उजेडाने झिजतात, म्हणून अशा वस्तूंवर साधारणपणे 50 लक्सपेक्षा अधिक प्रकाश पडू देत नाहीत. एका मेणबत्तीचा उजेड एक मीटर अंतरावर जेवढा पडतो, तेवढा सुमारे 1 लक्स. त्याच्या पन्नासपट, एवढीच मुभा. त्या मंद दालनात डोळा सरावायला वेळ लागतो, आणि मग जर हळूहळू जागी होते. आपण पाऊल टाकले की तिची चमक सरकते. पडद्यावरचा ठिपका स्वतःच प्रकाश फेकतो, त्यामुळे तो पाहणाऱ्याच्या पावलाला असे उत्तर देत नाही.

वस्तूला स्वतःचे आयुष्यही असते. पावियात फ्रान्सिसकडून घेतलेली तलवार माद्रिदला होती. 1808 मध्ये फ्रेंच फौजा स्पेनमध्ये असताना ती पॅरिसला आणली गेली आणि आज तेथील लष्करी संग्रहालयात आहे. हे पटदेखील पुढे नेपल्सच्या दावालोस घराण्याकडे राहिले आणि 1862 मध्ये इटलीच्या सरकारकडे आले. पावियाच्या विजयी सेनानींपैकी पेस्काराचा मार्क्विस याच घराण्यातला होता. अशा वस्तूसमोर उभे राहिल्यावर जी नम्रता येते, ती संगणकीय रूपाकडून अपेक्षित धरू नये. त्याचे काम वेगळे आहे, आणि चांगली संग्रहालये दोन्हींना वेगळ्या दालनांत, वेगळ्या वेळेला पाहू देतात.

ही युद्धाची करमणूक नव्हे का?

हा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कानात तोफा वाजत असताना, पायांखाली जमीन थरथरत असताना माणूस विचार करत नाही, तो दचकतो. आणि तो आवाज आला कोठून? 1525 च्या तोफांचा आवाज कोणी टिपून ठेवलेला नाही. घोड्यांच्या टापा, जर्मन भालाईतांच्या आरोळ्या, नदीत पडणाऱ्या माणसांच्या किंकाळ्या, हे सगळे आज तयार केलेले असते. मुर्टेनच्या बाबतीत तर थर आणखी वाढतात: पंधराव्या शतकातील लढाई, तिच्यावर 417 वर्षांनंतरच्या, राष्ट्राभिमानाने भारलेल्या काळातील चित्रकाराची कल्पना, आणि तिच्यावर एकविसाव्या शतकातील आवाज. प्रेक्षकाला मात्र हे सगळे एकाच वेळी, एकजीव होऊन भेटते.

उत्खननात सापडलेले फुटके मडके संग्रहालयात जोडून ठेवतात, तेव्हा हरवलेल्या तुकड्यांच्या जागी मुद्दाम वेगळ्या रंगाचे प्लास्टर भरतात. मडक्याचा आकार कळतो आणि मूळ खापर कोणते, भर कोणती, हेही कळते. वेढणाऱ्या प्रदर्शनाकडे माझी मागणी हीच आहे की, त्यात भरलेले प्लास्टर दिसले पाहिजे. आवाज कल्पनेने केला आहे, हे दालनातच, वाचता येईल अशा अक्षरांत लिहावे. पटात नसलेली हालचाल दाखवायची, तर एकदा न हलणारा पटही पुरेसा वेळ दाखवावा. हरलेल्या बाजूची हकीकत निदान एका भिंतीवर असावी. हे खर्चाचे काम नाही. ते प्रामाणिकपणाचे आहे, आणि त्याने अनुभव फिका पडत नाही.

आपला याच्याशी संबंध

व्हिएन्नाच्या कला-इतिहास संग्रहालयात ब्रुसेल्समध्येच, पावियाच्या पटांनंतर काही दशकांनी विणलेली दहा पटांची एक मालिका आहे. तिचा नायक आहे जुआंव द कास्त्रो, पोर्तुगीजांच्या ताब्यातील हिंदुस्थानच्या प्रदेशाचा कारभारी. 1546 मध्ये गुजरातच्या सुलतानाच्या सैन्याने दीवला घातलेला वेढा त्याने मोडला आणि 1547 मध्ये प्राचीन रोमन सेनापतीच्या थाटात गोव्यात विजयप्रवेश केला, तो प्रसंग त्या पटांत आहे. मागावर बसलेल्या विणकरांना मांडवी नदी ठाऊक नव्हती, आणि तिच्या काठावरचे लोक कसे दिसतात हेही.

पावियाच्या दालनात आपण पाहुणे असतो. तेथे कोण जिंकले याने आपल्या मनाला फारसे काही होत नाही. उद्या या दहा पटांभोवती कोणी प्रोजेक्टर लावले, ढोल आणि तोफा वाजवल्या आणि गोव्यातील किंवा कोकणातील एखादे कुटुंब तिकीट काढून आत गेले, तर त्यांना मध्यभागी उभे केले जाईल ते कास्त्रोच्या जागी. त्या वेळी मुलाने आईचा हात ओढून विचारावे, “यात आपण कुठे आहोत?” आणि दालनात त्याचे उत्तर सापडावे, एवढी तयारी प्रदर्शन मांडणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेली असावी.